हवा भरायला

वर्ष झालं.
दाराशेजारच्या खुंटीला केबल लटकते.
थंडीत ती हट्टी होते, गुंडाळायला गेलं की
वासरासारखी मान फिरवते.
पहिल्या महिन्यात मी तासातासाला आकडा बघायचे,
तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसं.
आता आठवडा आठवडा बघत नाही.
स्ट्रॉन्से बेट आहेच केवढं!
या टोकाच्या दीपगृहापासून त्या धक्क्यापर्यंत
सात मैल, आणि पुढे समुद्र.
संपून संपून किती संपणार?

विकणाऱ्या पोराने कर्कवॉलला सगळं समजावलं होतं:
हिवाळ्यात पल्ला आखडतो, ब्रेक फार झिजत नाहीत,
हीटर लावण्यापेक्षा सीट गरम करा.
जेसीमिनाच्या चहाबद्दल मात्र काही बोलला नाही.

एकवीस वर्षं माझी डिझेलची व्हॅन
वळणावर खोकली की ती किटली ठेवायची.
मी आत येईपर्यंत पाणी उकळलेलं,
बाही वर सारलेली, रक्तदाबासाठी दंड पुढे.
आता मी एकदम खिडकीत उगवते.
ती दचकते, पारा वीसाने चढतो.
"भुतासारखी येतेस गं," म्हणते.
पहिलं मोजमाप मी सोडून देते,
चहानंतरचं लिहिते.

मेंढ्यांचंही तेच. डांबर ऊबदार म्हणून
रस्त्यातच बसून राहतात.
हॉर्न वाजवायची इथे रीत नाही.
काच खाली करून म्हणते, "बायांनो, सरका."

जानेवारीत तीन दिवस बोट आली नाही.
दुकानात ना दूध ना पाव,
टेकडीवरची पवनचक्की मात्र अंगात आल्यासारखी फिरत होती
आणि माझी गाडी अंगणात पोटभर पीत होती.
ज्या वाऱ्याने रेंडालच्या गोठ्याचे पत्रे नेले
त्याच वाऱ्यावर सकाळी मी गेले,
रेंडालच्या कपाळाला टाके घालायला.

वहीत हिशोब आहे:
इंधनाचे वाचले अकराशे चाळीस पौंड.
खाली एक ओळ कोरी सोडली आहे.
तिथे काय लिहावं सुचत नाही.

दर गुरुवारी मी थॉर्फिनच्या पंपावर थांबायचे.
तो नळी लावायचा, समुद्राकडे बघायचा,
म्हणायचा, "वारा फिरणार."
मी म्हणायचे, "फिरू दे."
बास. एवढंच.
बायको गेली त्या आठवड्यातही एवढंच,
फक्त त्या दिवशी टाकी भरल्यावरही
नळी बराच वेळ त्याच्या हातात राहिली.

आता त्याच्या पाठीमागून निघून जाते.
तो वळत नाही.
वळायला ऐकू तर आलं पाहिजे.

फेब्रुवारीत एक पिवळा दिवा लागला:
मागचं डावं चाक.
माझ्या शेडमध्ये पायाने मारायचा पंप आहे,
चांगला चालतो.
मी थॉर्फिनकडे गेले.
तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला,
"हिला हवा लागते होय?"
"हवा कुणाला लागत नाही?"

त्याने डावं भरलं. मग उजवं, जे ठीक होतं.
मग पुढची दोन्ही.
स्टेपनी मागितली. या गाडीला स्टेपनीच नाही
म्हटल्यावर जरा हिरमुसला.
हवापाण्याच्या गप्पा म्हणतात त्या याच असाव्यात.
पैसे घेतले नाहीत.
"वारा फिरणार," म्हणाला.

काल गुरुवार होता.
सकाळी औषधांची पेटी सीटवर ठेवली,
केबल काढून खुंटीला टांगली,
आजूबाजूला कुणी नाही बघून
मागच्या चाकापाशी वाकले,
व्हॉल्व्हची टोपी काढली
आणि नखाने दाबलं.

फुस्स.

वर्षभरात पहिल्यांदा
गाडी काहीतरी बोलली.