उलशीक वर

सेलूच्या स्टँडमागं लिंबाजीचं दुकान.
आरसा तोच, डाव्या कोपऱ्यात पारा उडालेला.
खुर्चीची उशी मात्र त्यानं काढून टाकलीय.
डोकं मागं टेकतंय कोण?

"सर, मान उलशीक वर."
मी करतो. दोन बोटं. पुन्हा खाली.
अंगठा चालूच, कापडाखाली
कोंबडीचं पिल्लू वळवळावं तसा.

बाकावर चौघं. त्यातल्या एकाची
कटिंग होऊन अर्धा तास झाला,
पूर्णेच्या गाडीचा पुकारा झाला, गाडी गेली,
हा बसलेलाच.

लिंबाजी काहीतरी सांगत होता.
सुनंदा, जालना, दवाखाना…
केसांसोबत शब्दही खाली पडत होते.
मी म्हणालो, "वा, छान झालं."

कात्री थांबली.
अशी थांबली की मी वर बघितलं.
आरशात तो नव्हता,
पारा उडालेल्या जागेमागं उभा होता.

मग काहीच नाही. ब्रश, पावडर.
नेहमीसारखा मागं धरला छोटा आरसा
आणि कधी नव्हे ते मी बघितलं:
मानेखाली उंचवटा,
बारकं वशिंड फुटावं तसा.
"सगळ्यांचंच असं व्हायलंय," तो म्हणाला,
"वस्तरा अडखळतो तिथं."

पैसे स्कॅन केले.
"सत्तर रुपये प्राप्त झाले," डबा बोलला,
दुकानात तेवढाच आवाज.

आठ वर्षं झाली मी इथं येतोय.
सुनंदा त्याची बायको की बहीण,
मला ठाऊक नाही.