नांगर टाकून आले

वरठीला उतरले तेव्हा फलाट हलत होता.
म्हणजे मीच. सहा वर्षं शिडाच्या होडीवर राहिलेल्या माणसाला
जमीन पहिले दोन दिवस माफ करत नाही.
पवनीच्या बसमध्ये मात्र बरं वाटलं,
ती निदान हेलकावत होती.

सुकेशिनी फाट्यावर उभी, हंसराजची मोटरसायकल घेऊन.
"वाळली माय तू! अन् काळी किती झाली."
नागपूरच्या होस्टेलात एका खाटेवर झोपायचो दोघी,
आता मोटरसायकलीवर आमच्या मध्ये माझी पिशवी.
पिशवीत सुके बांगडे, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत,
तरी गावाला कळलं कोण आलंय ते.

आंघोळीला तिनं गंगाळभर कढत पाणी काढलं.
मी दोन तांब्यांत उरकलं, सवयीनं,
आणि उरलेलं झाकून ठेवलं.
"आंघोळ केली का नुसतं तोंड ओलं केलं?"
ती हसली. मग गंगाळाकडे पाहून थांबली.
मी सांगितलं नाही की आमच्या टाकीत ऐंशी लिटर मावतं
आणि उदय ते रोज संध्याकाळी काठीनं मोजतो.

जेवताना समोर कृपाली, वय वर्षं सात.
घरात मांजर आहे का?
रात्री दार लावता का?
शाळेत पत्ता काय लिहायचा मग?
पत्त्याला मी अडखळले.
"सध्या जयगडच्या खाडीत," म्हटलं, "नांगर टाकून आले."
कोपऱ्यातून दयारामबाबा, इतका वेळ गप्प:
"पाण्यात नांगर? अन् पेरता काय तेथी?"

सगळे हसले. मीही.
बाबा हसले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.
मग मी ताटात भात पसरून दाखवला:
हा तळाचा गाळ, ही साखळी,
हे फाळ असे रुततात,
वारा जितका ओढील तितके खोल.
ते बघत राहिले.
"आमचा चालते," म्हणाले, "तुमचा धरते."
आणि ताक मागितलं.

रात्री तीनला जाग आली. उदयची पाळी संपून
माझी सुरू व्हायची ती वेळ.
अंगणात आले, पाय अजून डुलत.
मोहाखाली बॅटरी चमकली:
बाबा, कांबळ्यात, धानाच्या पुंजण्याकडे तोंड करून.
डुकरं येतात, म्हणाले. अन् आभाळाचा भरवसा नाई,
कालपासून उगवतीचा वारा हाय.
मी मान वर केली. मृग पश्चिमेला कललेला,
कडेला थोडं मळभ.
"नाही पडणार," मी म्हटलं.
"पडन."
आम्ही दोघांनी ताडपत्री ओढली.
दोराची गाठ मी मारली,
ती त्यांनी ओढून पाहिली, दोनदा,
आणि काही न बोलता परत खाली बसले.
मीही बसले.
तिकडे उदय एकटा, साखळीवर हात ठेवून
तिची खरखर ऐकत असेल. ऐकत असला पाहिजे.

पहाटे दहा-बारा थेंब पडले.
बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता मी येते तुझ्याकडं," फाट्यावर सुकेशिनी म्हणाली,
"सांग, कोठी उतरू?"
मी तारीख सांगितली नाही. बंदरही नाही.
वारा फिरला की निघावं लागतं,
हे तिला मागच्या दोन भेटींत सांगून झालंय.
ती पिशवीत नवा तांदूळ कोंबत होती,
नको नको म्हणत मी जागा करत होते.
बांगड्यांचा वास त्याला लागणारच.

कृपालीनं वहीचं पान फाडून पुढं केलं. "पत्ता."
मी नाव लिहिलं.
त्याखाली होडीचं नाव.
त्याखाली स्वल्पविराम,
आणि बस आली.

पान तिच्याकडे राहिलं. पेन माझ्याकडे.