तोंडातला घास

क्लाक्सविकच्या मासळी-लिलावात पहाटे तीनला
वीज गेली, अकरा सेकंद.
यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या.
बंदरावरच्या दिव्यांनी डोळे मिटले, उघडले,
लिलावाचं यंत्र मात्र उठलंच नाही.

आमच्याकडे स्नॅपशॉट होता. दोनचा.
मी छाती काढून तो परत आणला.
यंत्र उठलं, तोंड धुतल्यासारखं ताजं,
आणि त्याच्या वहीत
चौदाशे किलो कॉड उभा होता
बोटीशिवाय.
वजन होतं, दर होता, बर्फाच्या पेट्या होत्या,
नावाच्या रकान्यात नुसतं कोरं पाणी.

दोन वाजता डेटाबेस बोलत होता.
अर्धं वाक्य डिस्कवर, अर्धं अजून तोंडात,
आणि आम्ही नेमका तेव्हाच फोटो काढला.

सकाळी हाल्गीर आला, ओल्या टोपीसकट,
'स्वालान'चा मालक. ओरडला नाही.
पडद्याकडे बघत म्हणाला,
"समुद्रानं मला नाव विचारलं नव्हतं.
तुम्हाला तरी विचारायला हवं होतं."

तूरीनं त्याला कॉफी दिली.
मला खुर्चीसुद्धा दिली नाही.
"आधी विचारायचं असतं," ती म्हणाली,
"घास गिळलास का?
हातातलं खाली ठेवलंस का?
मग म्हणायचं, आता हलू नकोस.
टिपायचं,
आणि लगेच सोडायचं.
कुणालाही फार वेळ श्वास रोखायला लावू नये.
आणि प्रत त्याच डिस्कवर ठेवणं म्हणजे
घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणं.
टोर्शाव्नला पाठव. बोगद्यापलीकडे."

नाव शेवटी सापडलं वजनकाट्याच्या चिठ्ठीवर,
पेन्सिलीनं लिहिलेलं, खवले चिकटलेलं.

आता दर मंगळवारी
मी एक प्रत जागी करतो,
बंद खोलीत, तारा काढून.
तिला वाटतं अजून रात्रीचे दोनच वाजलेत,
धक्क्यावर बोटी लागतायत.
मी विचारतो, शेवटची कुणाची?
ती सांगते: बोट, मालक, किलो, दर,
एका दमात, न अडखळता.

मग मी तिला बंद करतो.
बाहेर मासळी कधीच विकून झालेली असते.
तिला हे सांगायचं
अजून एकदाही जमलं नाही.