उपस्थिती : एक

आमच्या वाड्यावर रेंज येते ती
सातेरीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवर.
दुसरीवर नाही.
चौथीवर येते, पण आवाज तुटतो.
म्हणून बुधवारी साडेदहाला तिसऱ्या पायरीवर आम्ही बारा जण :
मी आणि अकरा मुलं,
शिवाय माजिकांचा कुत्रा, ज्याचं नाव हजेरीपटात नाही.

मोबाइल माझाच. काचेला वरून खालपर्यंत तडा.
पणजीच्या कलासंग्रहालयातून लुर्दिना रेबेलो बोलतात,
कोकणी हेल घेतलेल्या मराठीत.
सत्तरीतल्या चार शाळा जोडलेल्या.
आमच्या शाळेच्या नावापुढे येतं :
उपस्थिती एक.

तडा नेमका चित्रातल्या बाईच्या पाठीवरून गेलेला.
नदीच्या धक्क्यावर बसलेली, पाठमोरी, मांडीवर टोपली.
शेजल म्हणाली, सर, हिला लागलंय.
नाही गं, मोबाइल पडला होता, विहिरीवर.
ती म्हणाली, तरी पण.

लुर्दिनाबाईंनी चित्रकाराचं नाव सांगितलं नाही,
साल सांगितलं नाही.
विचारलं,
हे चित्र केवढं असेल?

पडद्यावर सगळं तळहाताएवढंच असतं,
हत्ती, आगबोट, मंत्री, मुंगी.
मुलं गप्प.
मग एकदम फुटली :
देवळाच्या भिंतीएवढं!
फळ्याएवढं!
दर्पण गावस म्हणाला,
बाई खरी जेवढी असेल तेवढंच.
नाहीतर ती मावली कशी?

डी.एड.ला कलेचा पेपर मी पाठ करून सुटलो होतो.
हा प्रश्न त्यात नव्हता.

सुतळी घ्या, बाई म्हणाल्या. उंची दोन विती,
रुंदी एक वीत चार बोटं.
वीत कुणाची? दर्पणनं विचारलं.
तिकडे बाई हसल्या. माझी, म्हणाल्या,
तुमच्या विती लहान, दर वितीला
दोन बोटं जास्त धरा, आणि आता
टोपलीकडे...

आणि रेंज गेली.
बाईंचं तोंड उघडंच राहिलं,
चौकोनात, दात दिसत.
वीस मिनिटं आम्ही वाट बघितली.
कुत्रा उठून गेला.

शाळेत येऊन मुलांनी
तेलाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
सुतळीच्या मापानं, दोनदा चुकून.
पाढ्यांच्या तक्त्याशेजारी खिळा होता, त्यावर टांगला.
कोरा.
काढा म्हणून मी सांगितलं नाही,
कुणी काढलंही नाही.
इतकंसंच, शेजल म्हणाली, आणि तरी
नदी आहे त्यात.

संग्रहालयाचा फॉर्म आलाय.
सहभागी किती, या रकान्यात
एकचा आकडा आधीच छापलेला,
खोडता येत नाही.
शेऱ्यात मी नावं लिहिली, अकरा,
आडनावांसकट, जागा संपेपर्यंत.

मग भागशिक्षणाधिकारी आले तपासणीला.
पोषण आहार बघितला, संडास बघितला,
पुठ्ठ्याकडे बोट केलं : हे काय?
चित्र आहे सर.
कशाचं?
बाई बसलीय, नदीकडे तोंड करून.
टोपलीत भिरंडं आहेत, दर्पण म्हणाला.
भिरंडं नाहीत, आवळे, मागून कुणीतरी.
भांडण जुंपलं. मी गप्प बसवलं नाही.

साहेब जवळ गेले.
मग दोन पावलं मागे सरले,
चष्मा काढला, पुसला, घातला.
आणि चेहरा? कसा आहे चेहरा तिचा?

माहीत नाही सर, शेजल म्हणाली.
अजून वळली नाही.