पावती

पल्या,
तुझ्या नावाची पावती या महिन्यातही फाडली.
वीस रुपये. प्रल्हाद शांताराम साटम, खोली सत्तावीस.
तुझी आई आणून देते दहाच्या दोन नोटा
आणि पावती चष्मा लावून वाचते,
एक काना राहिला तरी परत लिहायला लावते.

क्लब तोच, शिवडीचा, जिन्याखालचा.
कॅरमही तोच, तुझ्या कोपऱ्याची जाळी अजून फाटलेली.
फक्त पावडर बंद केली आम्ही.
बोरिकच होती, डब्यातली, दुसरं काही नाही.
पण दर गुरुवारी इथं बसतात त्यातल्या तिघांना
लाकडावर पसरलेलं पांढरं बघवत नाही.
मलाही नाही.
सोंगट्या अडखळतात. अडखळू देत.

त्या रात्रीचं अजून कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.
गोदामामागे, भिंतीला टेकून बसलेला तू,
पन्नी बोटांत तशीच,
ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.
घोरत होतास. मला वाटलं, लागला डोळा.
मग घोरणंही थांबलं.
मी तुझ्या खिशातले साठ रुपये काढले
आणि पळालो.
साठच. धावता धावता मोजले होते.

चाळीच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलं,
'अल्पशा आजाराने दुःखद निधन'.
अल्पसा!
सहा वर्षं, दोन मंगळसूत्रं, एक शिलाई मशीन,
आणि तुझ्या बहिणीचं मोडलेलं लग्न.
आम्ही सगळ्यांनी तो फळा वाचला
आणि चपला शोधल्या.

दीड वर्षानं तुझी आई गुरुवारी खाली आली.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, पदर सारखा केला,
म्हणाली, "माझो झील गर्दान मेलो. आजारान नाय."
पंखा तेवढा फिरत होता.
मग तिनंच विचारलं,
"चाय कोण करतलो आता?"

संस्थेची मेहरुन्निसा येते महिन्यातून एकदा.
लोडावर दाखवते, माणूस कुशीवर कसा वळवायचा.
"ओठ निळे दिसले की पळायचं नाही," म्हणते,
अगदी सहज, माझ्याकडे न बघता.
कपाटात, एकोणनव्वदच्या ढालीशेजारी,
आता इंजेक्शन असतं.
त्यावरची तारीख आम्ही मोठ्यानं वाचतो.

दोनदा लागलं.
फैयाज शिव्या देतच उठला,
चांगली चढलेली उतरवलीस, म्हणाला.
अजून देतो. अजून मध्येच गायब होतो,
आणि परत आला की कोपऱ्यात बसून
दोन कप चहा पितो. कुणी काही विचारत नाही.
डेन्झिल लोबोपाशी मात्र आम्ही उशिरा पोचलो.
त्याचीही पावती फाडतो.
आता पाच नावं आहेत, पल्या,
तुझं सगळ्यात वर.

माझे चारशे बारा दिवस झाले.
रोज सकाळी वाटतं, आज नको.
रोज संध्याकाळी वाटतं, झाला की आजचा.
यापलीकडे मला काही कळलेलं नाही.

परवा तुझ्या आईनं जुन्या पावत्या मांडल्या,
तारखेप्रमाणे, स्टुलावर.
"पयल्यो तीन पावत्यो कोणी फाडल्यो?
मी तर दसऱ्यापासून देतंय."
मी म्हटलं, क्लबनं.
ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ.
"बरा," म्हणाली, आणि सगळ्या परत रबरात घातल्या.

या गुरुवारी माझी पाळी आहे बोलायची.
साठचा आकडा सांगायचं ठरवलंय.
ती समोरच बसते, पंख्याखाली.

आणि हो, पावतीपुस्तक संपत आलंय.
छापखान्यात गेलो तर तो म्हणाला,
पाचशेचं घ्या, स्वस्त पडेल.
मी म्हटलं, नको.
पन्नासचं मिळेल का?