संभाव्य कारण

खोर खुवैरच्या धक्क्यावर, फेब्रुवारीत,
पहाटे तीनला दहा कमी असताना
खडीचा पट्टा अकरा मिनिटं बंद राहिला.
पट्टा धडधाकट होता. माणसं वर बघत होती.
म्हणून प्रकरण माझ्याकडे, सेफ्टीकडे आलं.
फॉर्म नंबर सात, तीन प्रती.

जखमी : कोणी नाही.
नुकसान : खडी उशिरा भरली, कप्तान चिडला.
काय दिसलं :
इथे रकाना जेमतेम बोटभर.

इक्बाल पारकर, क्रेनवाला, गाव साखरी नाटे :
"तीन दिवे. पाण्यापासून चांगले हातभर वर.
आधी लांबले मेणबत्त्यांसारखे,
मग कमरेत तुटले, खालचा तुकडा उलटा.
जन्मापासून बोटी बघतोय, साहेब,
बोट पाणी सोडत नाही."

येल्लय्या, पट्ट्यावरचा, करीमनगरकडचा :
चार.
दुभाष्याने दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा त्याने अंगठा मुडपून बोटं दाखवली
आणि हात खिशात घातला.

टेकबहादूर, गेटवर :
मोजले नाहीत. आधी घड्याळ बघितलं.
रजिस्टरात लिहिलं, "०२.५०, आकाश",
पुढे काही सुचेना, तेव्हा सही केली.

विमानतळाला फोन केला. त्या वेळी वर काही नव्हतं.
शुक्र उगवायचा होता.
खाणीचा ड्रोन कपाटात, बॅटरी काढलेली,
वर धुळीचा थर, थरावर कोणाचंही बोट नाही.
त्याच जागी रात्री उभा राहिलो,
हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवली,
म्हणजे काही दिसलंच तर किती वर, ते मोजता यावं.
मुठीच्या वर काळोख. मुठीच्या खाली काळोख.
दुसऱ्या रात्रीही तेच, शिवाय सर्दी.

तिसऱ्या रात्री वारा पडला.
मग डोंगराकडून उबदार हवा आली
आणि गार पाण्यावर हलकेच पसरली,
घडीची चादर उलगडावी तशी.
जाळी आवरत बसलेला रम्सचा खल्फान म्हणाला,
"सर्दी में होता ये. दूर का पास आता.
मेरा बाप भी देखा."
वर बघितलंही नाही त्याने.

दिवे आले.
लांबले, तुटले, उलटे झाले,
पारकरच्या जबानीबरहुकूम.
बंदराच्या नोंदवहीत त्या वेळी, त्या दिशेला
नांगर टाकून थांबलेले टँकर : तीन.
अंतर पन्नास किलोमीटर.
म्हणजे पृथ्वीच्या पाठीमागे दडलेले,
जे इथून दिसायला नकोत ते.
मृगजळ म्हणावं, तर रात्री कसलं मृग,
आणि जळ तर खरोखरचंच, खारं.

लिहिलं :
संभाव्य कारण, दूरच्या जहाजांचे दिवे,
हवेच्या थरांमुळे उचललेले. संख्या तीन.
"संभाव्य" खोडावं असं मॅनेजरचं म्हणणं.
मी ते ठेवलं.
ती चार बोटं आठवली म्हणून नाही,
म्हणजे, थोडं म्हणूनही.

तिसरी प्रत कोणीच वाचत नाही.
तिच्या पाठीवर मी एक हिशोब केला :
हवा पन्नास किलोमीटर वाकू शकते,
तर रत्नागिरीचा दिवा इथून दिसायला
तो किती वर उचलावा लागेल?
अंतराचा वर्ग, भागिले पृथ्वीचा व्यास.
उत्तर : सव्वातीनशे किलोमीटर.
पुन्हा करून पाहिला. तेवढंच आलं.
करीमनगरचा केला नाही.
तिथे समुद्र नाही, दीपगृह नाही,
उचलायचं तरी काय, ते मला माहीत नव्हतं.

आता वारा पडला की येल्लय्या येतो,
दारात चपला काढतो, कपाटाकडे बोट दाखवतो.
उबदार हवा, गार पाणी,
एवढं त्याला दुभाष्याने समजावलेलं आहे.
मी वहीत नोंद करून देतो :
थर्मामीटर, नग एक.
परत, सकाळी सहा.