पान्हा

बाटली क्रमांक सतरा.
आत हार्मोन आहे की नुसतं मिठाचं पाणी
मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंनाही नाही.
खरी यादी बंगळूरच्या एका कपाटात कुलपात.
माझं काम एवढंच :
बर्फाच्या डब्यातून बाटली काढायची,
महादेवीच्या नाकपुड्यांत एकेक फवारा,
घड्याळ लावायचं,
पंपात किती मिली उतरलं ते लिहायचं.

तिचं लेकरू काचेपलीकडं. अकराशे ग्रॅम.
लोकरीची टोपी डोळ्यांवर आलेली.

सिस्टर विचारते, "हाल बंतेनव्वा?"
कानडीत हाल म्हणजे दूध.
मी कडोलीची, जन्मापासून दोन्ही भाषांतली,
तरी दर खेपेला आधी मराठीच ऐकू येतं.

ट्रेनिंगमध्ये फळ्यावर काढून दाखवलं होतं :
नऊ अमिनो आम्लं.
पहिलं आणि सहावं वळून एकमेकांना धरतात,
मागची तीन मोकळी, शेपटीसारखी.
रक्तात आयुष्य चार-पाच मिनिटं.
तेवढ्यात जे काय व्हायचं ते.

आमच्या मोरीचं रेडकू मेलं त्या साली
आप्पांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरला,
सुतळीनं शिवून तिच्यापुढं उभं केलं.
मोरी चाटायची. चाटता चाटता पान्हवायची.
धार काढताना आप्पा तिच्या तोंडाकडं बघत नसत.
दूध सायकलवरून शहापुरात जायचं,
चहा व्हायचा त्याचा.
पुढं गल्लीत सगळे सुया टोचू लागले,
बिनलेबलाच्या कुप्या, निपाणीहून यायच्या म्हणे.
आप्पांनीही टोचली.
"पेंढ्यापरीस बरं," म्हणाले,
"फसवलेलं दिसत तरी न्हाई."

संमतीपत्राचा मराठी तर्जुमा माझ्याकडं आहे.
प्लासिबो या शब्दापुढं
महिनाभर जागा कोरी सोडलीय.

आज महादेवीनं विचारलं,
यात औषध आहे का नाही?
"गोत्तिल्ल," म्हटलं. माहीत नाही.
तिनं मान हलवली, आणि उशीखालून
लेकराची कालची टोपी काढली,
न धुतलेली,
नाकातोंडावर दाबून धरली.
पंप घरघरत राहिला.

टोपीसाठी फॉर्मवर रकाना नाही.
मी लिहिते : बावीस मिली.
घड्याळ थांबवायचं राहून जातं.